अडकलेली स्क्रीन आणि माझी सही

गाडीतली स्क्रीन अडकली की काय करायचं, हे मला आमच्याच गाडीमुळे कळलं. यांची भाड्याची गाडी शेलूबाजारच्या चौकात उभी असते. लग्नाची माणसं, दवाखान्याचे पेशंट, कधी वाशीमच्या कोर्टाच्या तारखेला जाणारे लोक, असं काहीबाही भाडं मिळतं. गाडी जुनी घेतली तेव्हा तिच्यात आधीच्या माणसाने स्क्रीन बसवलेली होती. ती आठ-पंधरा दिवसांनी अडकायचीच. गाणं चालू राहायचं, पण बोट कितीही लावलं तरी चित्र हलायचं नाही. हे चिडून तिला चापट मारायचे. एकदा तर यांनी बॅटरीची वायरच काढली, आणि मग घड्याळही चुकीचं दाखवायला लागलं.

शेवटी माझ्या मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं, "आई, आवाजाचं गोल बटन दाबून धर अन् दहा मोज. मधात सोडू नको." गाडी धुणं माझ्याकडे, म्हणून मीच करून पाहिलं. सात-आठपर्यंत काहीच होत नाही, माणूस तिथेच कंटाळून बोट काढतो. नऊ-दहाला स्क्रीन काळी होते, मग कंपनीचं निशाण येतं आणि ती नव्याने सुरू होते. तेव्हापासून ते काम माझं झालं. चौकातले ड्रायव्हर यांना म्हणायचे, "तुमचा मेकॅनिक तर घरीच हाये बापा!" ते ऐकून मला बरं वाटायचं. पण चार लोकांसमोर मी ते कधी केलं नाही. लोकांसमोर हात पुढे करणं मला जमत नाही. बोलणं तर त्याहून जमत नाही.

बाबा गेले त्याला वर्ष झालं तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"बाई, बाबाच्या नावावरचं वावर आपल्या नावानं चढवा लागते. वारस नोंद. तुयी बी सही लागते. मी येतो घ्याले, वाशीमले जाऊन येऊ."

वारस नोंद म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माणूस गेला की त्याच्या शेतावर बायकोचं, मुलाचं, मुलीचं, सगळ्यांचं नाव लागतं. आणि हक्कसोड म्हणजे काय, हेही ठाऊक होतं. त्यात बहीण आपला हिस्सा भावाला सोडून देते. आमच्याकडे बहुतेक बहिणी सोडतात. माझ्या आत्याने सोडला, माझ्या दोन्ही नणंदांनी आमच्या यांना सोडला. पण त्याची एक रीत आहे. भाऊ बहिणीच्या घरी जातो, तिच्या माणसांसमोर बसतो आणि मागतो. बहीण हो म्हणते. मग भाऊ साडी नेसवतो, जेवू घालतो, आणि तिचं माहेर तिच्यासाठी उघडं राहतं. मीही सोडणारच होते. तो मागायला येईल तेव्हा काय स्वयंपाक करायचा, हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

तो आला तेव्हा हे भाडं घेऊन गेले होते. मी म्हटलं, हे येईपर्यंत थांब. तो म्हणाला, दाजीचं काय काम, सही तर तुयी हाये. त्याने चहा घेतला नाही. नवी गाडी दारात चालूच ठेवली होती. मला त्याने पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टासुद्धा स्वतः लावून दिला. मला फार आनंद झाला होता.

शेलूबाजार मागे पडलं आणि थोड्या वेळात त्याच्या गाडीची स्क्रीन अडकली. तिच्यावर रस्त्याचा नकाशा होता. आम्ही कितीतरी पुढे निघून आलो तरी त्यातला निळा बाण एका वळणावरच उभा. गाणं मोठ्याने चालू होतं. भावाने आवाजाचं बटण फिरवलं, तर आवाज कमी होईना.

"तीन महिने नाई झाले घेऊन," तो म्हणाला. "शोरूमवाल्याले दाखवा लागते आता."

मला सांगावंसं वाटलं, की बटण फिरवू नको, दाबून धर. पण तो कॉलेज शिकलेला, गाडी त्याची, आणि मी जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नाही. थोड्या वेळाने गाणं आपोआप संपलं आणि पुढचं लागलंच नाही. त्याला वाटलं, सगळंच बंद पडलं. "मेलं एकदाचं," असं म्हणून तो हसला. मीही हसले.

पण चित्र अडकलं म्हणजे आवाज मेला असं नसतं. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

त्याच्या मोबाइलची वायर गाडीला लावलेली होती. मोबाइल टिणटिण वाजला, दोनदा. त्याने बघितलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. त्याला वाटलं, बोलून पाठवलेला निरोप कानातच ऐकू येईल. माझ्या भावजयीचा आवाज गाडीच्या चारही दरवाजांतून आला.

"अहो, निंगाले का तुमी? आयका. बाईले वारस नोंद हाये असंच सांगजा. हक्कसोडचं नाव तोंडातून काढू नका. थो कागद लिवनारा म्हने, साहेबानं काही इचारलं तर बाईनं फक्त हो म्हनाचं. अन् दाजीले घेतलं नाई ना संगं?"

भाऊ दचकला. फोन त्याच्या हातातून सुटला आणि सीट आणि गिअरच्या मधल्या फटीत खाली गेला. समोरून ट्रक येत होते, मागे एक टँकर चिकटून चालला होता, थांबायला जागा नव्हती. एका हाताने स्टेअरिंग धरून तो दुसऱ्या हाताने स्क्रीनवर बोटं मारत सुटला. बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. काही उपयोग झाला नाही. एक निरोप संपला की दुसरा आपोआप लागतो, तसा तो लागला.

"अन् साडी डिक्कीत ठेवली हाये. सही झाल्याबिगर काढू नका बरं. आधी देली तं इचारतीन, कायची साडी म्हनून." इथे ती हसली. "चवथी शिकेल बाई. कागदातलं नाई समजत, पन साडीतलं बराबर समजते."

मला तो आवाज बंद करता येत होता. हात लांब केला असता तर बटण माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मी केलं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं.

पुढे भावजयीच्या मागून दुसरा आवाज आला. लांबून, चुलीजवळून बोलल्यासारखा. माझ्या मायचा.

"तिले पुढं बसव म्हना त्याले. मांगं बसली का गाडी लागते तिले."

"माय म्हनते पुढं बसवा," भावजय म्हणाली आणि निरोप संपला.

भावजयीचं मला इतकं लागलं नाही. ती परक्या घरून आली आहे, तिला तिच्या लेकरांचं पाहायचं आहे. भावाचंही कदाचित मी गिळलं असतं. पण माय त्याच खोलीत बसून सगळं ऐकत होती. मला फसवून न्यायचं, हे तिला मान्य होतं. फक्त नेताना मला मळमळ होऊ नये, एवढी काळजी तिने घेतली.

गाडी रस्त्याच्या कडेला घेता आली तेव्हा भाऊ खाली वाकून फोन शोधायला लागला. मी हात पुढे केला आणि गोल बटण दाबून धरलं.

"काय करून राह्यली तू?" तो म्हणाला.

"थांब. दहा मोजा लागते."

मी मनात मोजत होते की मोठ्याने, आता आठवत नाही. स्क्रीन काळी झाली. निशाण आलं. मग नकाशा पुन्हा उघडला आणि निळा बाण आम्ही होतो तिथे येऊन उभा राहिला. भावाने फोन काढून त्याची वायर उपटली.

"तुले कसं येते हे?" त्याने विचारलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

गाडी पुन्हा चालू झाली. तो म्हणाला, "बाई, तिची बोलाची पद्धतच तशी हाये. तू मनावर घेऊ नको. हक्कसोड तं सगळ्याच करतेत. आत्यानं नाई केली?"

"आत्याले मांगतली होती," मी म्हटलं. "बाबा गेले होते तिच्या घरी. मी संगं होती."

"मंग मी आता मांगून राह्यलो ना. दे."

एवढं सोपं होतं ते. हेच शब्द तो सकाळी माझ्या ओट्यावर बोलला असता तर मी चहा ठेवता ठेवता हो म्हटलं असतं. आता ते माझ्या तोंडातून निघेना.

"सकाळी काहून नाई मांगतलं?"

"दाजी अडवतीन असं वाटलं. तुया पोरीचं लगन हाये पुढं. ते म्हनतीन, घे हिस्सा."

"अन् मी?"

"तू कायले नाई म्हनतं? तू कदी कोनाले नाई म्हनतलं काय?"

ते खरंच होतं. म्हणूनच मी गाडीतून उतरले नाही. गाडी थांबव असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. वाशीम येईपर्यंत मी मनाला समजावत होते की करून टाकू, आपल्याला तरी वावर घेऊन काय करायचंय, माहेर राहील. रजिस्ट्री ऑफिससमोर उतरले तेव्हा माझं जवळजवळ ठरलं होतं.

ऑफिसच्या बाहेर टिनाच्या छपराखाली कागद लिहिणाऱ्याचं टेबल होतं. भावाला पाहताच त्याने कागद पुढे केले आणि शाईचं पॅड उघडलं.

"बाई, डावा हात आना."

मी हात पुढे केला नाही, कागदाकडे पाहिलं. मी हळू वाचते, ओठ हलवत, एकेक शब्द धरून. वर हक्कसोडपत्र लिहिलेलं होतं, ते तर कळलंच होतं. खाली भावाच्या नावापुढे सहीसाठी जागा होती. मायच्या नावापुढे निशाणी डावा अंगठा असं छापलं होतं. ते बरोबर, तिला अक्षर येत नाही. माझ्या नावापुढेही तेच छापलं होतं.

"मले सही येते," मी म्हटलं.

"काय म्हनता?" माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"मले सही येते."

त्याने भावाकडे पाहिलं. "तुमीच म्हनले होते, लिवता-वाचता येत नाई म्हनून. मी तसं टाईप केलं. निरक्षर."

भाऊ म्हणाला, "येते तिले. पन टाइम लागते. अंगठा झाला तं काम लवकर होते."

तो शाळेत जायच्या आधी त्याला अ आ इ मी शिकवलं होतं. तो झाला तेव्हा माय वावरात जायची आणि मी त्याला सांभाळायला घरी राहिले, म्हणून माझी चौथीच्या पुढे शाळा झाली नाही. याचा मला कधी राग आला नव्हता. त्याने मला एका कागदावर अंगठेबहाद्दर करून टाकलं, कारण ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या हातात कागद द्यावा लागत नाही.

"मी नाई करत," मी म्हटलं. हेही मला दोनदा म्हणावं लागलं.

"बाई, तमाशा नको करू लोकाइत," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "निरक्षर काढून टाकतो ना तो. सही कर मंग. लिव तुया हातानं."

"आज नाई."

"दाजीनं भरवलं तुले?"

"दाजीले तं मालूमच नाई. तूच म्हनला ना, त्याइचं काय काम."

कागद लिहिणाऱ्याने पॅड बंद केलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. भाऊ गाडीकडे गेला. गाडीत बसला, काच खाली करून म्हणाला, "येतं का, घरी सोडून देऊ?" मी नाही म्हणून मान हलवली. तो निघून गेला. मी विचारत विचारत बसस्टँडवर गेले आणि एकटीने तिकीट काढलं. एकटीने तिकीट काढायची माझी ती पहिलीच वेळ.

यांना सांगितलं तर हे भडकले. म्हणाले, आता सोडायचंच नाही, वकील लावू, आपला हिस्सा मोजून घेऊ. मला तेही नको होतं. मी म्हटलं, वावर नको. हे म्हणाले, वावर नको अन् सही बी करत नाई, मंग तुले पाह्यजे तरी काय? आता लिहिताना सुचतं आहे, पण तेव्हा नाही सुचलं.

चार दिवसांनी मायचा फोन आला.

"कायले अडून बसली वं? एक सही तं हाये. पोरगा जेवत नाई नीट."

"तू तिथंच होती ना, माय? भावजय बोलत होती तवा?"

फोनवर दार लोटल्याचा आवाज आला.

"म्या काय करू?" ती म्हणाली. "मले त्याच्याच घरी राहा लागते."

"मंग तू ये. तू माया घरी येऊन माग. तुले देतो मी, तुया हातात देतो."

"पाह्यतो," ती म्हणाली.

पोळा झाला, दिवाळी झाली. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं, कोणी आलं नाही. कागद तसाच पडून असेल. रोज दुपारी काम आटोपलं की मी एका कोऱ्या पानावर माझं नाव लिहिते, दहा-बारा वेळा, जेणेकरून हात अडखळू नये. माय आली तर मी तिला पहिल्यांदा जेवू घालीन. मग सही करीन, तिच्यादेखत, सावकाश, पूर्ण नाव. ती अजून आलेली नाही. आता ती येईल असं मला वाटत नाही.