दहा स्क्रू आणि एक ‘नाही’

त्या दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडाची वाट लावली, असं मी तीन आठवडे शहाद्यात सांगत फिरले. भाजीवालीला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला गेले तर तिथे चपला काढता काढता एका अनोळखी बाईलाही सांगितलं. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीत माझी नणंद राहते. तिला कवळी करायची होती, पण मी तिला त्याच्या दारात पाय ठेवू दिला नाही. पोरगा नवा होता, दवाखाना उघडून जेमतेम वर्ष झालेलं. माझ्यासारख्या बाईने बोलायला सुरुवात केली की त्याचा दवाखाना बंद पडायला वेळ लागणार नव्हता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्यासारखी बाई म्हणजे कोण, तेही सांगते. मी नर्स. सगळी नोकरी धडगावच्या डोंगरातल्या उपकेंद्रांत केली आणि निवृत्त होऊन शहाद्याला घर बांधलं. पाड्यापाड्यांवर पायी फिरून लसी टोचल्या, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. लोक डॉक्टरपेक्षा माझं ऐकायचे, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. सगळ्यात जास्त ओरडायचे मशेरीवरून, आमच्याकडच्या मिसरीवरून. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं. विचारलं की बायका साफ नाही म्हणायच्या. म्हणून मी विचारणंच सोडून दिलं. सरळ उजव्या हाताचं बोट काळं आहे का बघायचे आणि डबी हिसकावून फेकून द्यायचे.

अशाच एका हिसकावलेल्या डबीतून मी पहिल्यांदा लावली. पाड्यावर अडकले होते, दाढ ठणकत होती आणि खाली उतरायला जीप दुसऱ्या दिवशी. बोटभर चोळली आणि पाच मिनिटांत ठणका गेला. पुढे छत्तीस वर्षं ती सुटली नाही. घरी मोरीचं दार लावून लावायची, ड्युटीवर असेन तर नदीवर जाऊन. नवऱ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

साठी उलटली तेव्हा तोंडात आठ दात राहिले होते, तेही हलणारे. भाकरी दुधात कुस्करून खायची म्हणजे मला अपमान वाटायचा. लेकाने फोनवरून हट्ट धरला की कवळी नको, पक्के दात बसवून घे. म्हणून मी त्या डॉक्टरकडे गेले. राजस्थानातून येऊन शहाद्यात कापडाचा धंदा थाटलेल्यांपैकी एका घरातला मुलगा. गोरा, हळू बोलणारा, आणि मला आंटी म्हणायचा. आंटी म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तसंही चांगलं नसतं. भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांची एक बाई हसत होती. तिचाही मला राग आला.

त्याने स्कॅन काढला, समजावून सांगितलं. उरलेले दात काढायचे, वरच्या जबड्यात सहा आणि खालच्यात चार स्क्रू बसवायचे, तीन-चार महिने थांबायचं, हाडाने स्क्रू धरला की वर पक्के दात लावायचे. तोपर्यंत तात्पुरते दात आणि मऊ जेवण. मग एक फॉर्म पुढे केला. त्यात शुगर, बीपी आणि खाली एका ओळीत तंबाखू, गुटखा, मशेरी. मी ‘नाही’ लिहिलं.

तो म्हणाला, “आंटी, हे खरं लिहा हं. तंबाखू असेल तर हाड स्क्रूला धरत नाही.”

मी म्हणाले, “मी नर्स आहे. हे मी जन्मभर लोकांना शिकवलंय.”

तो ओशाळला. सॉरी म्हणाला. माझ्या बोटाकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं, कारण मी येण्याआधी ते लिंबाने घासलं होतं.

स्क्रू बसले. जबडा सुजला, उतरला. सुनेने पातळ खिचडी दिली, दुसऱ्या दिवशी दलिया, तिसऱ्या दिवशी परत खिचडी. तिखटाचा कण नाही. नंदुरबार जिल्ह्यात राहायचं आणि मिरचीशिवाय जेवायचं! सगळ्या घरावर मी खेकसत होते. सात दिवस मशेरी लावली नाही आणि त्या सात दिवसांत मला माझी स्वतःचीसुद्धा चीड आली. आठव्या दिवशी मोरीचं दार लावलं. हिरडी दुखते म्हणून थोडीशी, असं मनाशी म्हटलं. नंतर ती थोडीशी राहिली नाही, पहिल्यासारखीच झाली.

तिसऱ्या महिन्यात खालच्या डाव्या बाजूचा स्क्रू जिभेखाली हलायला लागला. पू आला. मी रिक्षा करून तडक दवाखान्यात गेले. बाहेर आठ-दहा माणसं बसलेली. सगळ्यांसमोर मी त्याला फैलावर घेतलं. “भंगारातले स्क्रू वापरतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांवर शिकतो,” असं मी ओरडून सांगितलं. दोघं जण उठून गेले. डॉक्टरचा चेहरा लाल झाला. त्याने हात जोडले. म्हणाला, “माझ्याकडून काही राहिलं असेल. मी सगळं परत करून देतो, एक पैसा घेणार नाही.” त्याने गोळ्या दिल्या आणि तीन आठवड्यांनी हिरडी उघडून बघू म्हणाला. तेच हे तीन आठवडे, ज्यात मी गावभर त्याची अब्रू काढली.

नवरा एकदाच बोलला. “तू त्या पोऱ्याले कसाले नावे ठेवी ऱ्हायनी? पहिले तुन्ही मिसरी बंद कर.”

मी म्हणाले, “मन्हं तोंड शे. तुमी तुमनं काम करा.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

ठरल्या दिवशी गेले. डॉक्टरने सुई देऊन हिरडी बधिर केली, उघडली आणि आतून कापसाचा बोळा फिरवला. बोळा काळा निघाला. त्याने तो दिव्याजवळ धरून पाहिला, मग मास्क जरा खाली करून वास घेतला. मी छताकडे बघत पडले होते.

“मशेरी?” त्याने विचारलं.

मी डोळे मिटले. तो मात्र तसंच हळुवार काम करत राहिला. हललेला आणि त्याच्या शेजारचा, असे दोन स्क्रू काढून ट्रेमध्ये टाकले, टाके घातले. मग म्हणाला, “बाकीचे आठ वाचतील, आजपासून सोडलीत तर. आणि आंटी, मी हे कोणाला सांगणार नाही. तुमचं डोंगरात नाव मोठं आहे.”

त्याच्या त्या चांगुलपणाने माझं डोकं फिरलं. त्याने ओरडायला हवं होतं. त्याच्या जागी मी असते तर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असतं.

तात्पुरते दात त्या दिवशी लावता येणार नव्हते. पोकळ तोंडावर पदर धरून बाहेर आले, तर बाकावर डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई नवऱ्यासोबत बसली होती. एक गाल डोळ्यापर्यंत सुजलेला. मला पाहून उठली. “नर्सबाई!” तिची दोन्ही बाळंतपणं मी केली होती. तिच्या पावरी बोलीत तिने विचारलं, हा डॉक्टर कसा आहे? जीपमध्ये लोक सांगत होते की दात बिघडवतो.

लोक म्हणजे मी. मी फक्त हात हलवला, माहीत नाही असा, आणि पायऱ्या उतरले. रिक्षाला हात केला तेव्हा मागे बघते तर ती दोघंही खाली आली होती. ती म्हणाली, “तुला नको वाटतो तर नको. परत जाऊ. तू सांगशील तिकडे पुढच्या आठवडी बाजारी जाऊ.”

मला तिचा भयंकर राग आला. तो गाल मी नर्सच्या डोळ्यांनी पाहिला. पुढच्या बाजारापर्यंत तो पू गळ्यात उतरला असता. एवढा विश्वास ठेवायला हिला सांगितलं कोणी? मी तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच वर नेलं.

बाहेरच्या खोलीत सगळे बसलेले. डॉक्टर आतल्या दारात उभा. मी तोंडावरचा पदर काढला. ओठ बधिर होते, दात नव्हते, शब्द फुसफुसत निघाले, पण मी प्रत्येक शब्द परत परत म्हटला.

“हाऊ डॉक्टर चांगला शे. मी मिसरी लावस. छत्तीस वरीस व्हयनात. मी त्याले खोटं सांगं. चूक मन्ही शे, त्यानी नही.”

मग तेच तिला पावरीत सांगितलं. डॉक्टरने मान खाली घातली. तिने मात्र सुजलेल्या डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं, हिरड्यांपासून बोटापर्यंत, आणि माझ्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

“मग आमच्या डब्या का फेकत होतीस?” तिने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता डॉक्टरच्या मागे आत गेली.