त्यांच्या पावलात पाऊल

श्रावणी सोमवारी जवळा बाजारहून औंढ्याच्या नागनाथाला आम्ही गल्लीतले पायी जातो. शेतांमधल्या पांदणीत सगळ्यांच्या पुढे गल्लीतले म्हातारे काका असतात. अनवाणी, हातात काठी. सापाला कधी साप म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. पावलागणिक काठी आपटायची आणि मागे न बघता बजावायचं, “माझ्या पावलात पाऊल ठेवा.”

यंदा गवत कमरेला लागत होतं. ते एकदम थांबले. “हलू नका. बेडकं गप झालीत.”

त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर एक काळंभोर लांबडं सावकाश सोयाबीनमध्ये सरकत होतं. शेपूट दिसेनाशी झाली, तरी ते हलेनात.

मग हळूच म्हणाले, “गेलं का?”

“तुमच्या समोरूनच गेलं की, काका.”

“मला दिसून न्हाई राहिलं. औंदा डोळ्यानं दगा दिला. मागं सांगू नका, भेतील.”

“मग पुढं काहून चालता?”

“पयला पाय माझाच पडतो, म्हणून.”

अजून अर्धी पांदण बाकी होती. मागून कुणीतरी ओरडलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि त्यांच्या पावलात पाऊल ठेवलं.