आमच्या ह्यांचा छोटा पाय

आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात पाय बनवतात. हसू नका, खरंच सांगते. नवी गाडी माणसाला धडकली तर पायाचं काय होईल, हे बघायला रबर, फोम आणि लोखंडाचा खोटा पाय उभा करतात आणि गाडीचा बंपर त्यावर आदळतात. तो पाय ह्यांच्या हातचा. तीस वर्षं पाय घडवणाऱ्या माणसाला घरात स्वतःच्या चपला सापडत नाहीत, ते सोडा.

गेल्या वर्षी नात राहायला आली. सहा वर्षांची, पायाला भिंगरी. फाटकाशी उभ्या गाडीपुढून ती पळताना ह्यांनी पाहिली आणि टेप घेऊन धावले. मोठ्यांच्या गुडघ्याखाली येणारा बंपर तिच्या थेट मांडीवर येत होता. त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. कारखान्यातल्या नव्या गाडीचं नाकही तेवढंच उंच; तिच्या पत्र्याचा साचा लवकरच कापायचा होता, आणि एकदा कापला की तसलंच नाक वर्षानुवर्षं रस्त्यावर. ह्यांच्या कारखान्यात लहान पायाची चाचणी करायची पद्धतच नव्हती. साहेबांचं डोकं खाऊन ह्यांनी एक चाचणी पदरात पाडून घेतली. महिनाभर माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर छोटा पाय घडत होता, मी भाजी चिरायची ती मांडीवर ताट घेऊन.

चाचणी झाली. पायाला साधा ओरखडा नाही. साहेब खूश, हे मात्र तोंड पाडून घरी आले. मी उगाच घाबरलो, सगळ्यांपुढे हसं झालं म्हणाले, सोमवारी साचा कापतील. मोबाइलवरचा चाचणीचा फोटो दाखवला. मी चष्मा लावून बघितला. छोटा पाय मोठ्या पायाच्या खुंटीला टांगलेला, टाच जमिनीपासून वीतभर वर.

"अहो," मी म्हटलं, "आपली पोरगी काय हवेत चालते?"

हे फोटोवर वाकले. मग कपाळावर हात मारून असे हसले की नात खेळ टाकून बघायला आली. सगळे पाय त्याच खुंटीला अडकवायची हाताला सवय. टांगलेल्या पायाला बंपर लागला तो नडगीवर, आणि पाय झोक्यासारखा मागे गेला.

साहेब फोनवर आधी तडकले, मग फोटो नीट बघून ओशाळले. सोमवारी साचा थांबला आणि टाच जमिनीला टेकवून पुन्हा धडक दिली. दुपारी फोन आला तेव्हा मी दुकानात रांगेत होते.

"मोडला गं, मांडीतच मोडला," म्हणताना ह्यांचा आवाज आनंदाने कापत होता.

मीही मोडला, मोडला करत उडीच मारली. मागच्या बाईने घाबरून विचारलं, कोणाचा पाय? आमच्या ह्यांचा, म्हटलं आणि हसत सुटले. ती बिचारी दोन पावलं मागे सरकली.

मग गाडीचा बंपर खालपर्यंत मऊ झाला, बॉनेटची कडा मागे गेली. चार महिने त्यात गेले. शेवटच्या धडकेला छोटा पाय कोलमडला, पण मोडला नाही.

हे त्या दिवशी नाचत येतील असं मला वाटलं होतं. तर दारातच नातीला उचलून रडायला लागले. मलाही आवरेना. तिला काहीच कळेना. आजोबा, खाली ठेवा, मला खेळायला जायचंय, म्हणाली. ह्यांनी तिला खाली ठेवलं, आणि ती रस्त्याकडे पळाली.