अक्कांचं कडू तीर्थ

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव अहल्या, पण इथं कानडी मुलखातल्या चामराजपेठेत त्यांना या नावानं कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. सगळ्यांच्या त्या अक्का. भाजीवाल्या गंगव्वाच्यासुद्धा. देवनहळ्ळीहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लुगडंही धड सावरता येत नव्हतं म्हणे. मी या घरात आले तोवर मात्र घर त्यांच्याच तालावर चालत होतं.

त्यांचं नाक फार तीक्ष्ण. देवघरात बसून सांगायच्या, "कावेरी, फोडणीत हिंग राहिला गं." शेजारच्यांचं सार कालच्या डाळीचं की आजच्या, तेही ओळखायच्या. आमचे हे थट्टा करायचे, "वहिनी, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं."

"घेऊ देत. पहिली धाड तुमच्या तपकिरीच्या डबीवर."

थोरले भावजी नरसिंहराव रक्तदाबानं गेले. पण एकदम गेले नाहीत. अर्धं अंग लुळं पडून बरेच महिने अंथरुणाला खिळले होते. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं सगळं अक्कांनी केलं. भीती त्यांच्या मनात बसली ती तेव्हाच. मला एकदा म्हणाल्या, "मरणाचं काही नाही गं. पण दुसऱ्याच्या हातून घास घ्यायची वेळ आणू नकोस, एवढंच रामरायाला रोज सांगते."

त्यामुळे सत्तावन्न सालाच्या सुमारास त्यांचं डोकं जड राहायला लागलं, कानशिलं ठणकायला लागली, तेव्हा कुणाला काही न सांगता त्या थेट ग्रंथिगे अंगडीत गेल्या. कापूर, कुंकू, वाती आणि हिरडा-ज्येष्ठमधासारखी झाडपाल्याची औषधं, हे सगळं इथं त्या एकाच दुकानात मिळतं. दुकानदार मल्लाप्पानं सर्पगंधेची मुळी दिली, कुंकवाच्या पुडक्यातच बांधून. "स्वल्पच उगाळा, अक्का. रात्री पाण्यात कालवून ठेवा, सकाळी घोटभर घ्या."

अक्कांनी ती चंदनाच्याच सहाणेवर उगाळली, पाण्यात कालवली आणि पंचपात्र रामरायापुढे ठेवलं. आमच्या घरची रीत अशी, की रात्री देवापुढे ठेवलेलं पाणी सकाळी तीर्थ होतं. आणि तीर्थाला औषध म्हणायचं नाही. म्हटलं तर त्याचा गुण जातो, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या.

पुढे यांनी अक्कांना बळेच इस्पितळात नेलं. सोबत मी. तिथले डॉक्टर गुरुराज आपल्या मराठी मंडळींतलेच. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब बघितला, पांढऱ्या बारीक गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का, अम्मा?"

"नाही," अक्का म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

डोक्याचा जडपणा उतरला. मग एकेक करून बाकीचंही उतरत गेलं. आधी नाक चोंदलं ते मोकळं होईना. पहाटेची भूपाळी थांबली. दुपारी त्या उंबऱ्यापाशी बसायच्या, हात मांडीत टाकून, संध्याकाळ झाली तरी तशाच. मी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं. वाटतं, पुरे आता."

गंगव्वानं एकदा मुद्दाम किडकी वांगी पुढे केली. "काय अक्का, नाकाला कुलूप लावलंत काय?" अक्कांनी ती मुकाट्यानं घेतली. गंगव्वाचं हसू मावळलं. तिनं वांगी परत घेतली, चांगली निवडून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "दृष्ट काढा हो." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मारुतीला तेल घातलं. चूल, धुणं, पोरांच्या शाळा, पै-पाहुणा, सगळं आता माझ्यावर होतं. पाठ टेकली की उठवत नसे. एक दिवस ताट तसंच पडलेलं पाहून मी भात कालवला आणि घास त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

त्यानंतर एका सकाळी पूजेवरून उठताना त्यांना अंधारी आली आणि त्या देवघरातच कोसळल्या. हे डॉक्टरांना घेऊन आले.

"दाब फार खाली गेलाय," डॉक्टर म्हणाले. "गोळी तर मी लहानच दिलीय." बराच वेळ नाडी धरून बसले, पण उलगडा काही होईना. शेवटी पेटी उचलली.

"तीर्थ घेतल्याशिवाय जाऊ नका हो," अक्का पडल्यापडल्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठून बसल्या. देवापुढे पंचपात्रं दोन, एक तुळशीचं, एक त्यांचं. एरवी तुळशीच्या वासानंच त्यांचा हात बरोबर जायचा. आज गेला तो दुसऱ्याकडे.

डॉक्टरांनी तळहातावरचं तीर्थ तोंडात घेतलं आणि डोळे घट्ट मिटले. "अम्मा, हे कसलं तीर्थ?"

मी सहाणेवरची मुळी आणून दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, दाताखाली धरली. "ही सर्पगंधा. माझी गोळी हिच्यातल्याच अंशाची. तोच अंश रक्तदाब उतरवतो, नाक चोंदवतो आणि जास्त झाला तर मनालाही खाली ओढतो. गोळीत तो मोजून घातलेला असतो. यात किती उतरला ते मला माहीत नाही नि तुम्हालाही नाही. तुम्ही दोन्हीकडून घेत होता."

अक्कांनी मुळी त्यांच्या हातून घेतली. "म्हणजे ते 'पुरे आता' वाटायचं, ते हिच्यामुळे? मला वाटलं, रामरायानंच माझ्याकडे पाठ फिरवली."

"दोन्ही बंद करा. पुढचं मी बघतो."

"आणि अंग लुळं पडलं तर?"

"मी येऊन दाब बघत जाईन ना, अम्मा."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसरीकडेच. देवापुढचं नाकारायचं कसं? दुसऱ्या सकाळी त्यांनी मुळी धुतली, पुसून कोरडी केली, हळदकुंकू लावून रामरायाच्या पायाशी ठेवली. "तुझं तुझ्यापाशीच राहू दे," एवढंच म्हणाल्या.

लगेच काही बदललं नाही. डॉक्टर येत, पट्टा बांधत, मान हलवत. दाब पुन्हा चढायला लागला तेव्हा त्यांनी दुसरी गोळी सुरू केली. अक्का उंबऱ्यापाशी बसतच होत्या. मीही थकून गेले होते.

अशाच एका दुपारी लोणी कढवायला ठेवलं आणि चुलीपुढे बसल्याबसल्या माझा डोळा लागला.

"कावेरी! अगं, तूप करपलं!"

दचकून उठले तर तूप काळं पडलेलं. भिंतीला हात लावत अक्का स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या होत्या. दम लागला होता, पण नाकाला पदर धरला होता. करपलेल्या तुपाचा दिवा देवाला लावू नये हे मला ठाऊक आहे. तरी त्या संध्याकाळी मी निरांजनात मुद्दाम तेच घातलं, आणि दिवा विझेपर्यंत अक्का कुरकुरत होत्या, "शी! कसला गं हा वास!"