घरपट्टीतला शिक्षण कर जातो कुठं?

बायांनो, आज पालिकेचा घरपट्टीवाला साहेब दारात आला. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, बारीक अक्षर मला लागत नाय. तिसरीतल्या नातीनं बिल घेतलं न खडाखडा वाचलं, "शिक्षण कर!" माझी वाघीण ती!

मी म्हटलं, "साहेब, मग आमच्या गावच्या शाळेचं छप्पर का गळतं? पोरी वर्गात छत्री उघडून बसतात."

"आजी, ती शाळा आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या खात्याची आहे."

वा रे शहाणा! कर घेताना आमी तुझे, गळताना दुसऱ्याचे! त्याच्यासाठी ठेवलेला आल्याचा चहा मीच प्यायले, त्याच्यासमोर.

नात म्हणाली, "काका, मग आमी शिकायचं कोणाकडं?"

साहेबानं बॅग उचलली न पुढच्या दाराकडं निघाला. तुमच्या बिलातपण हा कर हाय. तुमी कधी विचारलंय?