विहिरीला मीठ लागलं

मी मस्कतला निघालो त्या सकाळी एसटी यायला अवकाश होता, तरी आईनं मला आधी विहिरीवर नेलं. आमच्या बौद्धवाडीतला रिवाजच तसा. माणूस मुंबईला निघो नाहीतर बोटीवर, विहिरीचं ताजं पाणी पिऊन मगच वाट धरायची. बाबा बाजूला उभे होते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, निरोप देतानाही शिकवणारच. म्हणाले, "पोटभर पी. तिकडं असं पानी नाय गावायचं."

त्यांचं खरं होतं. इकडं पाणी गावत नाही, ते बनवावं लागतं, आणि ते बनवायच्या प्लान्टमध्येच माझी नोकरी. समुद्राचं पाणी आत ओढायचं, त्यातलं मीठ काढायचं, गोडं शहराला आणि उरलेलं खारट पुन्हा समुद्राला. शिफ्ट संपली की मलबारी हॉटेलातला कडक चहा, कॅम्पमधली खोली, एसीची घरघर. अलीकडे उन्हाळ्यात आत येणारं पाणीच कोमट असतं. जाळ्यांना जेलीफिशचे थर चिकटतात आणि सुपरवायझर आमच्यावर डाफरतो. समुद्र तापतोय हे मला पेपरात वाचावं लागलं नाही. पण हाच समुद्र पुढे रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या किनाऱ्याला लागतो आणि आमच्या गावच्या खाडीत शिरतो, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

फोनवर बाबांची एकच तक्रार असायची, आईचा हात मिठाला सैल झालाय. आई म्हणायची, यांची जीभच म्हातारी झालीय. मी दोघांचं ऐकून हसायचो. मग बाबांचं बीपी वाढलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. आईनं लोणचं बंद केलं, सुकी मासळी बंद केली, पेजेतसुद्धा मीठ घालेना. बीपी जागचं हलेना. बाबांना खात्री, ही चोरून घालते. त्यावरून दोघं दोन दोन दिवस बोलत नसत.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो. दारात आईनं गूळपाणी दिलं. गूळ खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. विहीरच मचूळ झाली होती. रोज पिणाऱ्यांना ते कळलं नव्हतं, कारण चव इतकी सावकाश बदलली होती. आडातच मीठ, तर पोहऱ्यात गोडं कुठून येणार?

बाबांना अंगणात बसवून मी उलटा त्यांनाच भूगोल शिकवला. खाडीकाठी जमिनीखाली खारं पाणी असतंच. वरून मुरलेलं गोडं पाणी त्याला दाबून ठेवतं. पूर्वी पाऊस चार महिने लागून राहायचा, सड्याच्या माळावर जांभ्या दगडात मुरायचा आणि उन्हाळाभर झिरपायचा. आता चार दिवस कोसळतो नि मग दडी मारतो, कोसळलेलं सगळं वाहून जातं. तिकडं तापलेला समुद्र फुगून वर चढतोय. वरचा दाब गेला की खालचं खारं वर येणारच.

बाबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "समाजलं. पन मी वरच्या वाडीत पान्याला जानार नाय."

वरच्या वाडीची विहीर उंचावर आहे, तिचं पाणी अजून गोड आहे. त्या विहिरीवर माझ्या आजोबांना कधी पाय ठेवू दिला नव्हता. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. म्हणून दीक्षा घेतल्यावर आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी जांभा फोडून आमची विहीर खणली. आता आमच्या विहिरीचं कळल्यावर वरची माणसं आपण होऊन आली होती. "गुरुजी, पाणी न्या, संकोच नको," म्हणाली. त्यातली निम्मी बाबांची विद्यार्थी. बाबांचा कुणावर राग नव्हता. मला एवढंच म्हणाले, "आज देतात. उद्या त्यांनाच कमी पडलं तर?"

मी घरात फिल्टर बसवतो म्हटलं, तर म्हणाले, वाडीतल्या बाकीच्यांनी काय प्यायचं? रत्नागिरीत भाड्यानं खोली घेऊ म्हटलं, तर उठून आत गेले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या रागातच मी परत आलो.

शेवटी आईच कळशी घेऊन वर गेली. बाबांना सांगून गेली. फोनवर म्हणाली, "पोहरा टाकायचा माजा नंबर आला नि मी बाजूला सरकले. कुनी सरक म्हटलं नव्हतं रे." मला कॅम्पच्या जिन्यात रडू आलं.

बाबा आता ते पाणी पितात. बीपी उतरलंय. पण यंदा पाऊस लवकर आटोपला आणि वरच्या विहिरीचाही तळ दिसायला लागलाय. तिथं आता रांग लागते.

आखातात आलेले आम्ही सगळेच म्हणतो, म्हातारपणी गावाला जाऊ. मी म्हणायचं सोडलंय. घर म्हणजे माझ्यासाठी आता रोजचा एक प्रश्न आहे. फोन लागला की तब्येत विचारायच्या आधी मी तोच विचारतो, आज वर पाणी मिळालं का? आई म्हणते, मिळालं. परवा मात्र ती तेवढ्यावर थांबली नाही.

"मिळालं," म्हणाली. "त्यांचं सगळ्यांचं भरून झाल्यावर."