बाहेर ठेवलेला शब्द

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत घेवड्याचा भाव पाडत होतो. शैलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी "येतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि घासाघीस पुरी केली. तीच पिशवी हातात घेऊन बिबवेवाडीला त्यांच्या घरी पोचलो. आता काही आठवडे झाले. रडू तेव्हाही आलं नाही, अजून आलेलं नाही... एवढ्या जुन्या भागीदाराबद्दल काही लिहा, असं लोक म्हणतात, म्हणून लिहितो आहे.

मी यवतमाळकडचा. पुण्यात आलो आणि प्रिंटरच्या रिबिनी दारोदार विकू लागलो. बाजार नुकता खुला झाला होता आणि कॉम्प्युटर बँकांमधून दुकानांत शिरू लागला होता. अविनाशने नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत एक प्रोग्रामिंगची भाषा बनवायला घेतली होती, छोट्या धंदेवाल्यांसाठी. शब्द मराठी, टाइप करायचे इंग्रजी अक्षरांत. मोज, छाप, दाखव, थांब. तो बनवणार आणि मी विकणार, असं ठरलं. चूक झाली की मशीन मराठीतच सांगायचं, आणि ती वाक्यं लिहिताना अविनाशचं पुणेरीपण उतू जायचं. शून्याने भागायला गेलं की पडद्यावर यायचं, "शून्याने भागून आजवर कोणाचं भलं झालंय?" ते वाचून गिऱ्हाईक हसायचं आणि मी भाव वाढवून सांगायचो.

मग ईमेल आलं. मी म्हणालो, आपल्या भाषेत एक शब्द हवा, 'पाठव'. दुकानदाराने हिशेब छापावा तसा तो पाठवावा, एका शब्दात. त्या भाषेतली एक ओळही मी लिहिलेली नव्हती, तो एवढा एक शब्द माझा. अविनाशने तो घातला, चालवून पाहिला आणि मग त्याचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं, भाषेच्या पोटात तेच शब्द असावेत ज्यांची हमी भाषा देऊ शकते. बाकीचे बाहेर लायब्ररीत, म्हणजे भाषेला जोडायच्या वेगळ्या फाइलीत ठेवावेत, लागतील तेव्हा मागून घ्यावेत. "मोज म्हटलं की मोजलं जातं, शेठ. पाठव म्हटलं की पोचेलच, हे मी कोणाच्या जिवावर सांगू? फोनची लाइन काय आपल्या घरची आहे?" शिवाय मेलच्या रीती उद्या बदलतील, आणि पोटात घेतलेला शब्द परत काढता येत नाही, जुने प्रोग्राम त्याच्यावर उभे असतात. मी म्हणालो, "अव्या, गिऱ्हाइकाला पोट आणि बाहेर कळत नाही. त्याला जे दिसत नाही ते तुझ्याकडे नाहीच." पुष्कळ दिवस हेच चाललं. मी आवाज चढवायचो, तो चहा ढवळत राहायचा.

वाघोलीच्या एका कारखानदाराला रोजचा माल-साठा मेलने कळवायचा होता. कितीतरी खेपा घालून मी तो सौदा जमवत आणला होता. त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या माणसांसमोर, मी स्वतः टाइप केलं, पाठव. पडद्यावर आलं, "हा शब्द माझ्याकडे नाही. बाहेर विचारा."

अविनाशने शब्द लायब्ररीत हलवला होता. लायब्ररीचं नाव 'टपाल'. आधी 'टपाल घे' अशी ओळ लिहायची, मगच 'पाठव' चालणार. तुला सांगितलं होतं, असं तो त्या दिवशी म्हणत राहिला. मला आठवत नाही. कारखानदार हसून म्हणाला, "साहेब, तुमची भाषा तुम्हालाच ओळखत नाही की." सौदा गेला. नगर रोडवरच्या फोन बूथमध्ये उभा राहून मी अविनाशला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "शब्द टाकून दिलेला नाही रे. बाहेर ठेवलाय." मी म्हणालो, चपला बाहेर ठेवतात.

पुढे धंदा बसला. दोघांनी आपापली वाट धरली. येणंजाणं राहिलं, पण त्या शब्दाचा विषय कोणी काढला नाही. मेलच्या रीती खरंच बदलल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर वेळी त्याने फक्त 'टपाल' दुरुस्त केलं, भाषेला हात लावला नाही. हे मला वहिनींकडून कळलं. बघ, मी सांगत होतो, असं तो कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. कारण माझं म्हणणं आजही तेच आहे. जे गिऱ्हाईक परत आलं नाही, त्याला असल्या बरोबर असण्याचं काय...

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर भंगारवाला मागतो आहे, भाव ठरवून द्या म्हणाल्या. भाव ठरवायला मीच. यंत्र चालतं का हे बघावं म्हणून सुरू केलं. भाषा उघडली. बोटांनी आपोआप टाइप केलं, पाठव.

"हा शब्द माझ्याकडे नाही. बाहेर विचारा."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "चालू आहे का हो?"

"चालू आहे," मी म्हणालो. "भंगारवाला फार कमी देईल. राहू द्या."

वर 'टपाल घे' लिहिलं की काम होतं, एवढं मलाही कळतं. वहिनी आत गेल्यावर मी पडद्यावरचं सगळं पुसलं, आणि पुन्हा नुसतं 'पाठव' लिहिलं.